सेल, डॉलर, वॅट: विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धांमधील विजेच्या नियमांचा इतिहास

१९८१ साली टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी आपल्या विद्यार्थ्यांपुढे एक कोडे ठेवले. टॉर्चमध्ये घालतात तसले जाडे कोरडे सेल, तेही फक्त दोन. तेवढ्या ऊर्जेवर एका माणसाला बसवून नेणारी गाडी तयार करा. तिसरा सेल मिळणार नाही.

यंत्रमानव माणसासारखा दिसू लागला की आपल्याला विचित्र अस्वस्थता का जाणवते, यावर १९७० मध्ये लिहिलेल्या निबंधामुळे जगाला ठाऊक असलेले मोरी हेच. पण आजच्या थ्रेडला त्यांचे ते दोन सेलच हवे आहेत. १९८८ मध्ये एनएचके या जपानी प्रसारण संस्थेने तंत्रमहाविद्यालयांसाठी रोबोट स्पर्धा सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षाचा विषयही कोरड्या सेलवरील गाड्यांची शर्यत हाच होता. म्हणजे जपानमध्ये या स्पर्धांचा जन्मच विजेवरील मर्यादेतून झाला. ‘पूर्वी सगळे मुक्त होते, मग नियमवाले आले’ अशी एक समजूत स्पर्धकांमध्ये आढळते. तिला कागदपत्रांचा आधार नाही.

बदलत गेले ते मोजमाप. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. जमिनीचा महसूल काठीने मोजून ठरवायचा की नांगरांच्या संख्येवर, यावरून सत्तेची नजर कशावर आहे ते कळते. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या पाहणीत काठीला आलेले महत्त्व आपण त्याच दृष्टीने वाचतो. रोबोट स्पर्धांची नियमपुस्तकेही तशी वाचता येतात. विजेचे भाग कधी नगांवर मोजले गेले, कधी डॉलरमध्ये, कधी नावांच्या यादीने, कधी अँपिअरमध्ये, तर कधी वॅटमध्ये. प्रत्येक मापामागे आयोजकांची एक वेगळी भीती आहे.

अमेरिकेतील धागा एमआयटीमधून निघतो. १९७०च्या दशकात वुडी फ्लॉवर्स यांनी तेथील २.७० या क्रमांकाचा यंत्ररचनेचा अभ्यासक्रम हाती घेतला. प्रत्येक विद्यार्थ्याला किरकोळ वस्तूंची सारखीच पिशवी मिळे, त्यातून यंत्र बनवायचे आणि अखेरीस सर्वांसमोर सामना खेळायचा. येथे मर्यादा हा अध्यापनाचा भाग होता: सामान सर्वांचे सारखे असेल, तर फरक उरतो तो फक्त विचारात.

पुढची गंमत त्याच संस्थेच्या दुसऱ्या विभागात घडली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ६.२७० नावाची स्वयंचलित रोबोटांची स्पर्धा उभी केली. सांगाड्यासाठी लेगोचे ठोकळे, ठरावीक मोटारी, ठरावीक सेन्सर, सर्वांना एकच नियंत्रक पाटी. तरीही इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना स्वतःचा एखादा भाग जोडू द्यायचा नाही, हे आयोजकांना पटेना. म्हणून त्यांनी दहा डॉलरचा नियम केला. स्वतःच्या खिशातून दहा डॉलरपर्यंतचे जादा इलेक्ट्रॉनिक भाग आणा, पावत्या दाखवा आणि वापरा.

या नियमाची पोटकलमे मला विलक्षण वाटतात. एक वॅटहून कमी क्षमतेचे रेझिस्टर आणि छोटे कपॅसिटर हिशेबात धरायचेच नाहीत, कारण ते मिठासारखे, प्रत्येक पदार्थात लागणारच. एखादा भाग विकत न घेता फुकट मिळवला असेल, तर त्याची किंमत आयोजक ठरवणार. ओळखीच्या प्रयोगशाळेतून महागडा सेन्सर उचलून आणण्याची वाट त्यामुळे बंद झाली. म्हणजे खिशातील पैशाइतकीच ओळखीपाळखीही असमानता निर्माण करते, हे या विद्यार्थी-आयोजकांना तेव्हाच उमगले होते. फ्रेड मार्टिन यांची ‘हँडी बोर्ड’ ही पुढे गाजलेली नियंत्रक पाटी याच स्पर्धेच्या परंपरेतून आली.

आता शाळांकडे वळू. संशोधक-उद्योजक डीन केमेन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि फ्लॉवर्स यांना सोबत घेतले. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा झाली. संघ होते २८. एमआयटीची पिशवी येथे मोठी पेटी झाली. सुरुवातीच्या वर्षांत पेटीबाहेरचे भाग ठरवून दिलेल्या एकाच कंपनीच्या कॅटलॉगमधून आणि ठरावीक रकमेपुरतेच घेता येत. मोटारी कुठल्या? बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलच्या, मोटारगाडीच्या काचा वरखाली करणाऱ्या, आसने सरकवणाऱ्या. ज्या कंपन्यांनी मदत केली, त्यांच्या गोदामातले सामान पेटीत आले.

यातून नवे माप जन्मले: यादी. कोणत्या कंपनीची, कोणत्या क्रमांकाची मोटार चालेल, हे नियमपुस्तकातील तक्ता सांगू लागला. यादीत नसलेली मोटार कितीही स्वस्त वा दुबळी असो, ती बाद. मोटार उघडून तिच्यात बदल करणेही निषिद्ध. डॉलरच्या नियमात पळवाटा असतात, पावत्या तपासाव्या लागतात. यादी मात्र परीक्षकाला नुसत्या नजरेने तपासता येते. शेकडो आणि पुढे हजारो संघ सांभाळायचे तर ही सोय लहान नव्हती.

यादीच्या जोडीला अँपिअर आले. या स्पर्धेतील रोबोट सुमारे १८ अँपिअर-तासांच्या एकाच १२ व्होल्ट लेड-ॲसिड बॅटरीवर चालतो आणि तिच्यापुढे १२० अँपिअरचा मुख्य ब्रेकर असतो. ‘सिम’ नावाची मोटार अनेक वर्षे या स्पर्धेचा कणा होती. चाक अडकून ती पूर्ण थांबली की एकटीच सुमारे १३० अँपिअर ओढू पाहते. अशा मोटारी किती लावायच्या यावर बराच काळ चारची मर्यादा होती, ती सहा झाली आणि पुढे संख्येचे बंधन सुटले. मोटारीला वीज पुरवण्याच्या वाटेत मात्र विद्यार्थ्याने स्वतः बनवलेल्या मंडलाला जागा नाही. ते सेन्सरसाठी चालते. मोटारीला वीज देणारा नियंत्रक यादीतलाच हवा. १२० अँपिअरच्या वाटेवर हौशी सोल्डरिंग नको आणि एका आज्ञेसरशी प्रत्येक रोबोट थांबला पाहिजे, ही सुरक्षेची भूमिका रास्तच आहे. पण ६.२७०च्या आयोजकांनी दहा डॉलर देऊन जी गोष्ट वाचवली होती, ती इथे हातून गेली. शाळकरी मुलगा मोटार-नियंत्रक विकत घेतो, जोडतो, पण बनवत नाही. सुरक्षेची ही किंमत होती आणि ती फारशी कोणी मोजली नाही, असे माझे मत आहे.

आशियात वेगळी वाट धरली गेली. एनएचकेच्या परंपरेतून २००२ मध्ये टोकियोत ‘आबू रोबोकॉन’ सुरू झाली. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा २००८ आणि २०१४ मध्ये आपल्या पुण्यात भरली. २००८चा विषय दहीहंडीवर बेतलेला ‘गोविंदा’ होता. तिच्या नियमपुस्तकात मोटारींची यादी नाही. वर्षानुवर्षे दिसते ते छोटेसे कलम: वीजपुरवठा २४ व्होल्ट डीसीच्या वर नको. मोटार कोणतीही आणा, मंडल स्वतः बनवा. म्हणूनच पुण्यात टापकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही या स्पर्धकांची तीर्थक्षेत्रे. गाडीच्या वायपरची मोटार काढून लावणारा संघ आणि स्वित्झर्लंडहून मागवलेली मॅक्सन मोटार लावणारा संघ, दोघेही नियमात बसतात. अर्थात मैदानात ते बरोबरीचे नसतात.

शिवाय व्होल्टचे माप एका बाजूने उघडे राहते. शक्ती म्हणजे विद्युतदाब गुणिले प्रवाह. दाब २४ वर अडवला तरी प्रवाह मोकळाच. जुन्या जड बॅटऱ्यांच्या काळात वजनाच्या मर्यादेमुळे हे खपून गेले. हलक्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आल्यावर थोड्या वजनात प्रचंड प्रवाह मिळू लागला. विजेचा धक्का बसण्याची भीती २४ व्होल्टने दूर ठेवली, आग लागण्याची नाही. त्यानंतर या बॅटऱ्या कशा हाताळाव्यात आणि चार्ज करताना कुठे ठेवाव्यात, याची स्वतंत्र कलमे निरनिराळ्या स्पर्धांत दिसू लागली.

अमेरिकेत यादीला हादरा दिला तो ब्रशविरहित मोटारींनी. २०१९ च्या हंगामात ‘निओ’ ही तशी मोटार यादीत आली, पुढच्या वर्षी ‘फाल्कन ५००’. सिमची कमाल शक्ती सुमारे ३३७ वॅट होती, फाल्कनची उत्पादकाच्या आकड्यांनुसार ७८० वॅटच्या आसपास. बॅटरी मात्र तीच आणि ब्रेकरही तोच. चार फाल्कन एकदम कमाल शक्ती मागू लागल्या, तर ३,००० वॅटहून अधिक होतात. १२ व्होल्टवर १२० अँपिअर म्हणजे जेमतेम १,४४० वॅट. ब्रेकर काही क्षण जास्तीचा प्रवाह सोडतो, पण बॅटरीचा दाब ढासळतो. तो ६.३ व्होल्टच्या आसपास गेला, की रोबोरिओ हा नियंत्रक स्वतःला वाचवण्यासाठी मोटारी बंद करतो. संघांच्या भाषेत हा ‘ब्राउनआउट’. प्रेक्षकांना दिसते ते एवढेच, की धावता रोबोट क्षणभर गोठला.

नगांचे माप आता निरर्थक ठरले होते, कारण नग नग राहिला नव्हता. यावर दोन उत्तरे निघाली. ‘व्हेक्स’ या दुसऱ्या शालेय स्पर्धेने २०२३-२४ मध्ये आठ मोटारींची जुनी मर्यादा वॅटमध्ये मांडली: ११ वॅटच्या वा ५.५ वॅटच्या मोटारी हव्या तशा मिसळा, बेरीज ८८ च्या वर नको. आठ गुणिले अकरा म्हणजे अठ्ठ्याऐंशीच. मर्यादा तेवढीच राहिली, निवड मात्र वाढली. ‘फर्स्ट’ने २०२४ च्या हंगामात मोटारीचे काम मोजले. रोबोटला मैदानावर पुढे नेणाऱ्या मोटारी चारपेक्षा जास्त नकोत. हात हलवणाऱ्या किंवा चाक वळवणाऱ्या मोटारी त्यात धरायच्या नाहीत. आघाडीचे संघ चार चाके स्वतंत्रपणे वळवणारी ‘स्वर्व्ह’ रचना वापरतात आणि तिला चार मोटारी ढकलायला, चार वळवायला लागतात. त्यामुळे त्यांना या कलमाची झळ फारशी बसली नाही. साध्या रचनेला सहा मोटारी जोडून बळ मिळवणाऱ्यांना ती बसली. स्वर्व्ह महाग आहे. बरोबरीसाठी आणि टकरा कमी करण्यासाठी केलेला नियम महागड्या रचनेकडे जाणारी वाट आणखी गुळगुळीत करतो, हा आक्षेप मला नाकारता येत नाही.

समान पेटीची मूळ कल्पना सर्वांत शब्दशः राबवली ती २०१७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये झालेल्या पहिल्या ‘फर्स्ट ग्लोबल’ स्पर्धेने. दीडशेहून अधिक देशांच्या संघांना एकाच प्रकारची पेटी: त्याच मोटारी, तीच बॅटरी, तोच नियंत्रक. अफगाणिस्तानातील हेरातच्या मुलींच्या संघाची पेटी मात्र जकात खात्यात अडकली. दहशतवादी असे भाग वापरतील या भीतीने ती रोखली गेल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आहे. इतरांना काही महिने मिळाले, त्यांच्या हाती उरले अवघे काही आठवडे. अमेरिकेचा व्हिसाही त्यांना दोनदा नाकारला गेला आणि अगदी अखेरच्या क्षणी प्रवेश मिळाला. त्या आल्या, खेळल्या आणि हिमतीसाठीचे रौप्यपदक घेऊन परतल्या.