वाळूंत गेलेलें गांव

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, आजच्या नामिबिया देशांत, ल्यूडेरिट्झ नांवाचें एक बंदर आहे. तेथून सुमारें १० किलोमीटर आंत गेलें म्हणजे वाळूंत अर्धवट बुडालेलीं जर्मन धाटणीचीं घरें दिसतात. दारें उघडीं पडलेलीं, खिडक्यांना तावदानें नाहींत, आणि दिवाणखान्यांत गुडघ्याएवढी वाळू. हें कोलमान्स्कोप. वाळूंत अडकलेली आपली गाडी तेथें सोडून गेलेल्या एका गाडीवानावरून हें नांव पडलें, असें सांगतात.

हा मुलूख १८८४ पासून जर्मन साम्राज्याच्या अंमलाखालीं होता. बंदरापासून आंतल्या प्रदेशांत जाणारा लोहमार्ग तेथें नुकताच झाला होता, आणि वाऱ्यानें रुळांवर येणारी वाळू सतत उपसावी लागे. एप्रिल १९०८ मध्यें हें काम करीत असतां झकरायस लेवाला नांवाच्या मजुरास एक चकाकणारा खडा सांपडला. त्यानें पूर्वीं किंबर्लीच्या खाणींत काम केलें होतें. त्यामुळें हा हिरा आहे, हें त्यास तत्काळ उमगलें. तो खडा त्यानें आपला वरिष्ठ आउगुस्ट श्टाउख याच्या हातीं दिला. श्टाउखनें गाजावाजा न करितां शोधाचे परवाने मिळविले आणि तो अल्पावधींत गडगंज झाला. लेवालाच्या वाट्यास त्या संपत्तींतील कांहींच आलें नाहीं.

किंबर्लीस हिऱ्यासाठीं डोंगराएवढी माती उपसून प्रचंड खड्डा करावा लागला. येथें तसें नव्हतें. ऑरेंज नदीनें अंतर्भागांतून हिरे वाहून समुद्रास दिले, लाटांनीं ते किनाऱ्यावर टाकिले, आणि वाऱ्यानें हलकी वाळू उडवून त्यांस उघडें पाडिलें. मजुरांनीं ओळीनें ओणवें होऊन ते वेंचावे, इतके ते वर होते. लाभ एवढा सोपा दिसतांच सप्टेंबर १९०८ मध्यें सरकारनें किनाऱ्यापासून १०० किलोमीटर रुंदीचा पट्टा निषिद्ध प्रदेश म्हणून जाहीर केला.

मग त्या ओसाड जागीं इस्पितळ, शाळा, बर्फाचा कारखाना, करमणुकीचें सभागृह, सर्व कांहीं उभें राहिलें. पिण्याचें पाणी केपटाउनहून जहाजानें येई. इस्पितळांत क्ष-किरणांचें यंत्र होतें. मजुरांनीं हिरे गिळले आहेत काय, हें पाहण्यासही तें कामीं येई. मजूर बहुतेक उत्तरेकडील ओवाम्बो लोक. ते करारानें बांधलेले असत आणि बराकींत राहत.

या वैभवाआधींची एक हकीकत वगळून चालणार नाहीं. १९०४ ते १९०८ या काळांत हेरेरो व नामा या लोकांनीं जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला आणि तो निर्घृणपणें चिरडला गेला. ल्यूडेरिट्झजवळील शार्क बेटावरील छावणींत कैदी मोठ्या संख्येनें मेले. ज्या लोहमार्गावरची वाळू लेवाला उपसत होता, तो बांधण्याच्या कामीं अशाच कैद्यांस जुंपलें होतें. त्या हत्याकांडास वंशसंहार असें नांव जर्मन सरकारनें अधिकृतपणें दिलें तें २०२१ मध्यें.

पुढें महायुद्ध पेटलें आणि १९१५ मध्यें दक्षिण आफ्रिकेच्या फौजेनें हा प्रांत घेतला. १९२० मध्यें खाणी अर्न्स्ट ओपनहायमर यांच्या कंपनीकडे गेल्या. १९२८ मध्यें ऑरेंज नदीच्या मुखापाशीं अधिक मोठ्या हिऱ्यांचे साठे मिळाले, तेव्हां लोक दक्षिणेकडे निघून गेले. १९५६ मध्यें गांव पुरतें रिकामें झालें. श्टाउखची संपत्तीही टिकली नाहीं. तो १९४७ मध्यें जर्मनींत दारिद्र्यांत मेला.

लक्ष्मी चंचल आहे, एवढाच बोध येथून घेऊन उठणें सोपें आहे. परंतु लक्ष्मी श्टाउखला सोडून गेली, आणि लेवालाकडे ती आलीच नव्हती. पहिला सर्वस्व गमावून मेला, म्हणून दुसऱ्याचें देणें फिटलें असें होत नाहीं. ओसाड गांवांचा इतिहास वाचतांना, गांव कां उजाड झालें, हा प्रश्न आपण नेहमी विचारतों. तें वसलें कोणाच्या श्रमावर, हा प्रश्नही त्याच्या जोडीस विचारला पाहिजे.