एकोणीस आसनांचे विमान

विमानप्रवास म्हटला की प्रशस्त दालन आणि अदबीने खाद्यपेये आणून देणारे परिचारक डोळ्यांपुढे उभे राहतात. भारतातील आडवळणाच्या गावांना आकाशमार्ग लाभला तो मात्र फार निराळ्या दालनातून.

२६ जानेवारी १९८१ रोजी ‘वायुदूत’ ही सरकारी विमानसेवा मुख्यतः ईशान्य भारतासाठी सुरू झाली. त्याच वर्षी मार्च महिन्यात पश्चिम जर्मनीत डॉर्निअर २२८ या विमानाने पहिले उड्डाण केले. पुढे वायुदूतने ते स्वीकारले आणि कानपूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याची बांधणीही होऊ लागली.

त्याचे दालन जेमतेम दीड मीटर उंचीचे. प्रवाशाने वाकूनच आपले आसन गाठावे. मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक आसन असल्याने खिडकी मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येते. आसने फार तर एकोणीस. अमेरिकेच्या नियमांनुसार त्याहून अधिक आसने झाली की परिचारक नेमावा लागतो. अनेक लहान विमानांची आसनसंख्या एकोणीसवर थांबली, ती यामुळेच.

उंचावरून जाणाऱ्या विमानात हवेचा दाब राखावा लागतो आणि तो पेलण्यासाठी विमानाचे अंग गोलाकार करावे लागते. डॉर्निअरमध्ये ती व्यवस्था नाही. म्हणून त्याचे दालन चौकोनी, बांधणी हलकी आणि उड्डाण बेताच्या उंचीवरून. साहजिकच ढगांचे हिसके आणि पंख्यांची घरघर प्रवाशाला सोसावी लागते. परंतु या हलकेपणामुळेच ते एक किलोमीटरहून आखूड धावपट्टीवरून उठू शकते. प्रवाशाने सोडलेल्या सुखाचे मोल गावाला अशा रीतीने परत मिळते.

तरीही यंत्राची योग्यता पुरेशी ठरली नाही. मोजक्या प्रवाशांच्या भाड्यातून खर्च निघेना. तोटा वाढत गेला आणि १९९०च्या दशकात वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. २०१६ मध्ये अशा मार्गांवरील तूट भरून देणारी ‘उडान’ योजना आली. १२ एप्रिल २०२२ रोजी कानपूरला बांधलेले सतरा आसनी डॉर्निअर अलायन्स एअरच्या सेवेत दिब्रुगडहून अरुणाचलातील पासीघाटला पोहोचले.

डोंगरापलीकडच्या रुग्णाला वा विद्यार्थ्याला दालनाची उंची फारशी खुपत नाही. विमान उद्याही येईल, हा भरवसा त्याला हवा असतो. आणि तो कारखान्यात घडत नाही, राज्यकर्त्यांच्या निश्चयातून घडतो.