‘ॲक्शन कॉमिक्स’चा १०००वा अंक : मुखपृष्ठावरचा आकडा आणि आतली बारीक ओळ

इतिहासाचं साधन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दप्तरखान्यातले रुमाल, ताम्रपट, फार तर जुनी वर्तमानपत्रं येतात. आज एक कॉमिक घेऊन बसूया. १८ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत ‘ॲक्शन कॉमिक्स’चा १०००वा अंक विक्रीला आला. सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो याच मालिकेच्या १९३८ सालच्या पहिल्या अंकात. मुखपृष्ठावर भला मोठा १००० हा आकडा. संशोधकाने पहिला प्रश्न विचारायचा तो असा : हा आकडा आला कुठून?

साधा हिशोब करून बघा. महिन्याला एक अंक धरला तर ८० वर्षांत ९६० अंक होतात. मधे काही महिने अंक निघालेच नाहीत, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमीच व्हायला हवेत. मग हजार कसे झाले? १९८८-८९ मध्ये ही मालिका साप्ताहिक झाली होती. ६०१ ते ६४२ हे ४२ अंक वर्षाच्या आतच निघाले. २०११ मध्ये ९०४वा अंक काढून प्रकाशकांनी क्रमांक पुन्हा १ वर आणला, नव्या वाचकाला ‘पहिला अंक’ घ्यावासा वाटतो म्हणून. असे ५२ अंक निघाले. २०१६ मध्ये जुना क्रम परत आला, मधले ५२ त्यात मिळवले आणि पुढचा अंक ९५७वा ठरला. तिथून महिन्याला दोन अंक सुरू झाले आणि २०१८चा एप्रिल बरोबर गाठला. थोडक्यात, हजार हा आकडा खोटा नाही, पण तो जमवून आणलेला आहे.

याचा तुमच्याशी संबंध काय? तळटीपेत नुसतं ‘ॲक्शन कॉमिक्स, अंक १’ लिहिलंत तर ते १९३८चं की २०११चं, हे परीक्षकाला कळणार नाही. साल लिहाच. (आणि हो, नोव्हेंबर १९९८ चा एक अंक ‘दहा लाखावा’ आहे! ती एका विशेष कथेसाठी केलेली गंमत होती. सूचीत क्रमांकाने शोधणाऱ्याची मात्र तिथे पंचाईत होते.)

आता तारीख. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर जून १९३८ असं छापलंय, पण तो विक्रीला आला एप्रिलमध्येच. अंक शिळा वाटू नये, दुकानदाराने तो जास्त दिवस मांडून ठेवावा, म्हणून पुढच्या महिन्याची तारीख टाकायची पद्धत होती. दोन महिन्यांनी असं काय बिघडतं, असं वाटत असेल तर पुढचं वाचा.

सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी मार्च १९३८ मध्ये त्याचे सगळे हक्क १३० डॉलरना लिहून दिले. अमेरिकेच्या नंतरच्या कायद्याने अशा जुन्या करारांतले हक्क ठरावीक मुदतीत परत मागायची सोय केली. सीगलच्या पत्नीने आणि मुलीने ते मागितले. २००८ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने बराचसा निकाल दिला. पण त्यात अडचण निघाली ती दिवसांची. पहिला अंक १८ एप्रिल १९३८चा धरला गेला आणि तो मुदतीत बसला. मात्र त्या अंकाची जाहिरात प्रकाशकांच्या दुसऱ्या मासिकांत आधी छापून आली होती. तीतही सुपरमॅनचं चित्र होतं, आणि ती काही दिवसांच्या फरकाने मुदतीबाहेर राहिली! म्हणजे तेवढं चित्र कंपनीकडेच. १९३८च्या एप्रिलमध्ये कोणतं मासिक कधी बाहेर पडलं, हा प्रश्न सत्तर वर्षांनी कोर्टात आला. पुढे २०१३ मध्ये वरच्या न्यायालयाने, २००१ मध्येच दोन्ही पक्षांत समझोता झाला होता असं धरून हा निकाल फिरवला.

हा सगळा वाद अंकातच एका जागी दिसतो, आतल्या पानावरच्या बारीक अक्षरात. अलीकडचा कुठलाही सुपरमॅनचा अंक उघडा : निर्माते म्हणून सीगल-शुस्टरचं नाव आणि खाली सीगल कुटुंबाशी झालेल्या खास व्यवस्थेचा उल्लेख. वाचक ही ओळ सहज ओलांडून जातो. तुम्ही ओलांडू नका. वेगवेगळ्या दशकांतले अंक शेजारी ठेवून फक्त हीच जागा बघत जा. पहिल्या अंकात दोघांची नावं आहेत. १९४७ मध्ये त्यांनी दावा लावला, १९४८ मध्ये तडजोड झाली, आणि नावं गेली. १९७५ च्या अखेरीस, दोघे हलाखीत असल्याचा बभ्रा झाल्यावर, कंपनीने वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलरचं मानधन आणि नाव परत देण्याचं कबूल केलं. कुटुंबाचा उल्लेख त्याच्याही बऱ्याच नंतरचा.

इथे एक सावधगिरी हवी. नाव नाही म्हणजे माणूस नव्हता, असं नाही. १९५९ नंतर काही वर्षं सीगल त्याच कंपनीसाठी पुन्हा सुपरमॅनच्या कथा लिहीत होते, बिननावाने. त्या काळी तिथे लेखकाचं नाव सहसा छापतच नसत. म्हणून फक्त छापील अंकावर विसंबलात तर वीस-पंचवीस वर्षांची एक पोकळी दिसेल, आणि ‘वादामुळे त्यांना बाहेर ठेवलं’ असं सोपं वाक्य लिहून तुम्ही मोकळे व्हाल. अंकाला पत्रव्यवहाराची, करारांची, कोर्टाच्या कागदांची जोड द्यावीच लागते.

आणि शक्यतो मूळ अंक बघा, किंवा मूळ अंकाची पानन्‌पान केलेली प्रत. नव्या संग्रहांत कथा तेवढ्या असतात; जाहिराती, वाचकांची पत्रं, मालकीचं वार्षिक निवेदन हे सगळं गळतं. टपालाच्या सवलतीसाठी ते निवेदन छापावंच लागे आणि १९६०च्या दशकापासून त्यात खपाचे आकडेही येऊ लागले. मला विचाराल तर कथेपेक्षा ते पान जास्त बोलतं.

त्या १३० डॉलरचा धनादेशही टिकून राहिला आहे. इतर कामांचे पैसे धरून तो एकूण ४१२ डॉलरचा होता. २०१२ मध्ये लिलावात त्याला १ लाख ६० हजार डॉलर आले. त्यावर दोघांचीही आडनावं चुकीची लिहिलेली आहेत. म्हणून पैसे मिळवण्यासाठी मागच्या बाजूला दोघांनी दोन-दोन सह्या केल्या : एक चुकीच्या नावाने, एक स्वतःच्या.