चांदमारी ते नेमबाजी : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात पिस्तूल सरावाच्या पद्धतीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

'शिस्त' हा शब्द आज आपण वर्तनातील नियमितपणा या अर्थाने वापरतो. हा शब्द फारसीतून मराठीत आला असून नेम किंवा रोख हा त्याचा जुना अर्थ होय. भारतीय लष्कर आणि पोलीस दलांच्या शस्त्रप्रशिक्षणात जी हिंदी वापरली जाते, तीत नेम धरण्याच्या क्रियेला आजही 'शिस्त लेना' असेच म्हणतात. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ नेमबाजीच्या इतिहासातील दोन अवस्था सूचित करतात. एकीकडे हुकुमाबरोबर बार काढणाऱ्या पलटणीची सामुदायिक शिस्त आहे, तर दुसरीकडे स्वतःच्या श्वासावर, दृष्टीवर आणि बोटावर ताबा ठेवणाऱ्या एकट्या नेमबाजाची शिस्त आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन ठिकाणांचा संबंध यांपैकी पहिल्या परंपरेशी दीर्घकाळ आलेला आहे. दुसरी परंपरा मात्र येथील सामान्य विद्यार्थ्यांपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही. असे का झाले आणि ते बदलता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिरूर : पलटणीची कवायत

१८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या राज्यात इंग्रजांची तैनाती फौज आली आणि घोड नदीकाठचे शिरूर हे तिचे प्रमुख ठाणे बनले. जून १८१७ च्या पुणे तहान्वये उभे राहिलेले पूना ऑक्झिलरी हॉर्स हे घोडदळही शिरूरशी निगडित होते. ३१ डिसेंबर १८१७ रोजी कॅप्टन स्टाँटन याच्या नेतृत्वाखाली जी तुकडी पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव येथे लढली, तिचे कूच शिरूरहूनच झाले होते.

त्या काळच्या पायदळाच्या हाती गुळगुळीत नळीची बंदूक असे. गोळी नळीत सैल बसत असल्याने शंभर यार्डांपलीकडे एकेका शिपायाच्या नेमाला फारसा अर्थ नव्हता. म्हणून कवायतीचा सारा भर बंदूक झटपट ठासणे, रांग न मोडणे आणि हुकूम होताच एकदम बार काढणे यावर होता. घोडेस्वाराचे पिस्तूल एकबारी असे व ते अगदी जवळून चालवावे लागे. त्याचा एक हात लगामात गुंतलेला असल्यामुळे पिस्तूल एकाच हाताने धरण्याचा प्रघात होता. क्रीडास्पर्धांतील पिस्तूल नेमबाजीत आजही एकाच हाताचा नियम आहे. हे घोडदळ आणि युरोपातील द्वंद्वयुद्धे यांच्याशी जुळणारे साधर्म्य लक्षणीय आहे.

चांदमारी आणि शस्त्रबंदी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आटे पाडलेल्या नळीची एनफिल्ड रायफल प्रचारात आली आणि एकेका शिपायाचा नेम महत्त्वाचा ठरला. इंग्लंडमधील हाइथ येथे १८५३ मध्ये बंदुकीच्या शिक्षणाची स्वतंत्र शाळा निघाली. तेथील अभ्यासक्रमात प्रत्यक्ष गोळी झाडण्यापूर्वी टेकूवर बंदूक ठेवून नेम धरणे, शरीराची ठेवण घोटवणे आणि गोळीविना चाप ओढणे असे टप्पे होते. आजच्या स्पर्धात्मक सरावातील 'ड्राय फायरिंग' म्हणजेच कोरा सराव हा आधुनिक मानला जातो. त्याची मुळे अशी दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहेत. आपल्याकडे लष्करी छावण्यांजवळील नेमबाजीच्या मैदानाला 'चांदमारी' हे नाव रूढ झाले, आणि ते आजही अनेक गावांच्या स्थलनामांत टिकून आहे.

परंतु याच काळात सामान्य जनतेच्या हातून शस्त्र काढून घेतले गेले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची सक्ती केली. युरोपियनांना मात्र तीतून सूट होती. या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ठराव केला होता. या भेदभावाचा परिणाम असा झाला, की नेमबाजी ही एक तर सरकारी नोकराची विद्या राहिली किंवा संस्थानिकांची करमणूक. गावाशेजारी चांदमारी असूनही गावकऱ्याने ती लांबूनच ऐकावी, अशी स्थिती निर्माण झाली.

दौंड : पोलिसी सराव आणि क्रीडा सराव

स्वातंत्र्यानंतर १८७८ च्या कायद्याच्या जागी १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याआधी १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा देशभरातील नेमबाजांना परिचित आहे. क्रीडा म्हणून नेमबाजीची संस्थात्मक पायाभरणी अशी एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली झाली.

दौंडची ओळख मात्र रेल्वे जंक्शनइतकीच राज्य राखीव पोलीस बलाशी जोडलेली आहे. बलाचे गट क्रमांक ५ व ७ दौंड येथे असून जवळच नानवीज येथे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे शिरूर-दौंड परिसरातील तरुणांना शस्त्रप्रशिक्षण हा विषय अपरिचित नाही. पण त्यांचा या विद्येशी संबंध येतो तो भरतीनंतर. पहाटे रस्त्यावर धावणारे उमेदवार धावणे आणि गोळाफेक यांची तयारी करतात. नेमबाजी भरतीच्या कसोटीत नसते.

शिवाय पोलिसी सराव आणि क्रीडा सराव यांची उद्दिष्टे भिन्न आहेत. पोलिसाला दोन्ही हातांनी, आडोसा घेऊन, धोक्याच्या क्षणी शस्त्र चालवायचे असते. क्रीडा नेमबाजाला तीच एक कृती साठ वेळा जशीच्या तशी करायची असते. म्हणून एका क्षेत्रातील कौशल्य दुसऱ्यात आपोआप उतरेल, असे मानणे योग्य नाही.

तंत्राचा विचार

क्रीडा पिस्तुलाचे तंत्र समजण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडते. २५ मीटर प्रकारात पिस्तुलाची मागील खाच आणि नळीच्या टोकावरील माशी यांतील अंतर नियमानुसार जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असते. माशी खाचेत केवळ एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर दूर पडते. याउलट, खाच आणि माशी यांचा मेळ कायम राहून संपूर्ण हात एक मिलिमीटर हलला, तर गोळीही तेवढीच हलते. संथ फेरीच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे हात थोडा हलणे क्षम्य आहे, खाच-माशीचा मेळ बिघडणे नाही. नवशिक्याची नजर लक्ष्यावर खिळते. अनुभवी नेमबाजाची नजर माशीवर स्थिर असते आणि लक्ष्य त्याला धूसर दिसते.

या तत्त्वातूनच सरावाचे प्रकार निघतात. पहिला, कोऱ्या भिंतीसमोरचा सराव : लक्ष्यच नसल्यामुळे नजर माशीवर ठेवावी लागते, आणि चाप ओढताना ती हलली की दोष तत्काळ कळतो. दुसरा, धारण सराव : पिस्तूल उचलून काही सेकंद स्थिर धरणे व चाप न ओढता खाली आणणे. बार बरोबर जमत नसेल तर तो सोडून देण्याची सवय यातूनच लागते. तिसरा, मिश्र काडतुसांचा सराव : दुसऱ्या व्यक्तीने खरी व निकामी काडतुसे मिसळून भरल्याने नेमबाजाला पुढचे कोणते ते ठाऊक नसते; निकामी काडतुसावर हात दचकला, तर दडलेली भीती उघड होते. चौथा, कालबद्ध सराव : महिलांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत जलद फेरीत लक्ष्य प्रत्येक बारासाठी ३ सेकंद उपलब्ध असते आणि मध्ये ७ सेकंद हात खाली ठेवावा लागतो; ही लय गोळीविनाही घोटवता येते. या सर्वांना नोंदवहीची जोड हवी. गोळी कोठे लागली हे पाहण्यापूर्वीच ती कोठे लागली असावी हे सांगता येणे, ही प्रगतीची खरी खूण होय.

येथे एक दक्षता अनिवार्य आहे. कोऱ्या सरावापूर्वी शस्त्र रिकामे असल्याची खात्री प्रत्येक वेळी करावी आणि खोलीत काडतुसे ठेवू नयेत. ०.२२ बोअरच्या पिस्तुलात रिकामा चाप ओढल्याने यंत्रणेस इजा होऊ शकते, म्हणून त्यासाठी बनवलेली कृत्रिम काडतुसे वापरावीत.

महाराष्ट्राचा अनुभव आणि महाविद्यालयांची भूमिका

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यातील बालेवाडी येथे क्रीडासंकुल उभे राहिले. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पुण्यात झाल्या, तेव्हा कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पुण्याच्या अनीसा सय्यद यांनी याच प्रकारात वैयक्तिक सुवर्ण पटकावले, आणि सरनोबत यांच्या साथीने जोडीचेही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सरनोबत यांनी मिळवलेले सुवर्ण हे नेमबाजीत भारतीय महिलेचे पहिले वैयक्तिक आशियाई सुवर्ण ठरले. या यशाचा भूगोल पाहिला, तर तो कोल्हापूर, पुणे अशा सुविधायुक्त शहरांभोवती एकवटलेला दिसतो.

तालुक्याच्या ठिकाणी २५ मीटरचे मैदान उभारणे खर्चिक आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु १० मीटर एअर पिस्तूल हा ऑलिम्पिक प्रकार एखाद्या लांब खोलीत सामावतो. शस्त्र नियम, २०१६ अनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअरची व २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची हवाई शस्त्रे परवान्याच्या सक्तीतून मुक्त आहेत. राष्ट्रीय छात्रसेनेत विद्यार्थ्यांना ०.२२ रायफलीची ओळख होते, पिस्तुलाची होत नाही. ही उणीव शारीरिक शिक्षण विभाग भरून काढू शकतो. गोळी थोपवणारी भक्कम भिंत, पुरेसा प्रकाश, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि शस्त्राच्या जतनाची कडक व्यवस्था एवढ्या अटी मात्र टाळता येणार नाहीत.

निष्कर्ष

शिरूरच्या छावणीपासून नानवीजच्या प्रशिक्षण केंद्रापर्यंत या परिसराने दोन शतके शस्त्राचा सराव पाहिला आहे. तो राज्यसत्तेच्या गरजेतून आला आणि सत्तेच्या कुंपणातच राहिला. येथील विद्यार्थी नेमबाजीत मागे असेल, तर त्याचे कारण गुणवत्तेच्या अभावात शोधण्यापेक्षा या कुंपणाच्या इतिहासात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. सरावाचा मोठा भाग गोळीविना होतो, हे या विद्येचे वैशिष्ट्य ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. 'शिस्त' या शब्दाचा जुना अर्थ विद्यार्थ्याच्या हाती आला, तर त्याचा नवा अर्थही त्याला उपदेशाविना उमजू शकेल.