व्यवस्थापन-शिक्षण, कार्यरत व्यावसायिकांचे

नोकरी वा व्यवसाय न सोडता नेतृत्व, वित्त, विपणन, कर्मचारी-व्यवस्थापन इ. विषयांचे घेतलेले शिक्षण. अनुभवी अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये सुरू केला. इंग्लंडमधील हेन्ली येथील संस्थेच्या धर्तीवर हैदराबाद येथे १९५६ मध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया’ स्थापन झाले. तेथील निवासी वर्गांत शासन व उद्योग या दोन्ही क्षेत्रांतील अधिकारी एकत्र आले आणि परस्परांचा अनुभव हेच अध्यापनाचे साधन ठरले.

महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था (१९६५) पूर्णवेळ अभ्यासक्रमाबरोबर नोकरदारांसाठी सायंकालीन अभ्यासक्रमही चालवू लागली. सहकारी क्षेत्रातील अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्यास वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था (१९६७) निघाली.

या दोन पद्धतींचे गुणदोष भिन्न आहेत. सायंकालीन वर्गाने पदवी वा पदविका मिळते. पण त्यास काही वर्षे लागतात व महानगरातील वास्तव्य आवश्यक असते. निवासी वर्ग अल्पमुदतीचा असतो. मात्र त्यासाठी मालकसंस्थेची रजा व बहुधा तिचेच शुल्क लागते. लोणंदसारख्या (जि. सातारा) कांद्याच्या बाजारपेठेतील सहकारी सोसायटीच्या सचिवास पहिला मार्ग दुर्गम, तर दुसरा संस्थेच्या मर्जीवर अवलंबून. नासिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे (१९८९) दूरशिक्षणाचा तिसरा मार्ग खुला झाला; परंतु सहाध्यायांशी होणारी प्रत्यक्ष चर्चा त्यात मर्यादित राहते. म्हणून अभ्यासक्रम निवडताना संस्थेच्या लौकिकाइतकाच पदवीची मान्यता, सहाध्यायांचा अनुभव व स्वतःच्या कामाची गरज यांचा विचार महत्त्वाचा ठरतो.