काळ्या जमिनीचा कर्ब

इंझोरीच्या शिवारातली काळीभोर माती पाहून पाहुणे म्हणतात, या जमिनीला काय कमी! पण तो रंग फसवा आहे. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा अर्ध्याच्या आसपासच निघतो. इथलं ऊन तो टिकू देत नाही; दरवर्षी घातला तरच राहतो.

आमच्या बाबांच्या काळी घरामागे उखंडा असायचा. शेण, ढोरांच्या पायाखालचा कडबा, चुलीतली राख वर्षभर त्यात पडायची आणि उन्हाळ्यात बंडीनं शेतात जायची. तरी ते खत सगळ्या वावरांना कधीच पुरलं नाही. बरंचसं शेण गोवऱ्यांत जायचं, पऱ्हाट्या चुलीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण जुनं सगळं सोन्याचं होतं असं मला म्हणायचं नाही. याच पऱ्हाट्यांचं खत करायची रीत इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी बसवली. 1931 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. टणक पऱ्हाट्या ते रस्त्यावर पसरत, गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेत आणि मग शेणात कुजवत. कपाशीच्या मुलखाला याहून सोपी विद्या कोणती हवी होती?

पुढं युरिया आला, सुफला आलं, संकरित बियाणं आलं. पिकं वाढली, हे खरंच. पण नंतर सोयाबीननं ज्वारी हटवली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागं ढोरं गेली, उखंडे बुजले. दोष एकट्या युरियाच्या पोत्यावर टाकणं मला पटत नाही.

याचा पुरावा अकोल्यात आहे. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 1988 पासून ज्वारी-गव्हाच्या त्याच वाफ्यांत तेच खत देऊन प्रयोग चालू आहे. ज्या वाफ्याला काहीच दिलं नाही, त्यातला कर्ब सर्वांत कमी. नुसत्या नत्राचा वाफाही मागंच. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही दिलं की पीक जोमानं वाढतं, मुळं आणि धसकटं जास्त उरतात आणि तीच कर्ब होतात. त्याच मात्रेला शेणखताची जोड दिलेला वाफा सर्वांत पुढं. इंग्लंडात रोथॅमस्टेडला 1843 पासून गव्हाच्या शेतात हेच दिसत आलंय: रासायनिक खतानं कर्ब थोडा वाढतो, शेणखतानं दुपटीच्याही वर जातो.

आमच्याकडं आता एकच बैलजोडी उरली. तिचं शेण पुरत नाही, म्हणून सोयाबीनचं कुटार ढोरांना घालून उरेल तेवढं मी पेटवू देत नाही. शेणकाल्यासोबत खड्ड्यात टाकतो. युरियाही घालतो, पण माती तपासून.