इंग्रजी बुलेट, जपानी इंजिन आणि ड्राइव्हवेवरचा डाग

तर झालं असं की, गेल्या शनिवारी मोटरसायकलचं तेल आणि फिल्टर बदलला आणि रविवारी सकाळी बघतो तर ड्राइव्हवेवर तळहाताएवढा काळा डाग! मनुरेवा हे ऑकलंडचं दक्षिणेकडचं उपनगर. इथलं रस्त्यावरचं पावसाचं पाणी ओढ्यातून मनुकाऊच्या खाडीत जातं, त्यामुळे तेल पन्हाळीत धुवून टाकायची सोय नाही. मांजरासाठी आणलेली माती डागावर ओतली. पण खरी भीती डागाची नव्हती. धावत्या गाडीतून गळलेलं तेल वाऱ्याने मागे जाऊन मागच्या टायरवर बसतं, आणि मग पहिल्याच ओल्या वळणावर हिशोब चुकता होतो.

त्यात माझी पीएचडी एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांवरची. हे बायकोने दोनदा ऐकवलं.

डाग पाहून पहिल्यांदा आठवली ती बाबांची बुलेट. आम्ही कोल्हापूरचे. बाबांची साडेतीनशेची बुलेट दर सर्व्हिसिंगनंतर गळायची. अंगणात तिच्याखाली कायम एक पत्र्याचा ट्रे. बाबा मिस्त्रींना म्हणायचे, "मिस्त्री, पॅकिंग परत सोडलं की ओ!" आणि मिस्त्री म्हणायचे, "साहेब, इंग्रजाची गाडी हाय, जरा तेल टाकनारच." नवं पॅकिंग, वर शेलॅकचा जाड थर, चार दिवस बरं, की पुन्हा ट्रे. शेवटी बाबांनी मिस्त्रीच बदलले. बारा वर्षांची ओळख तेलापायी तुटली.

'इंग्रजाची गाडी' हे खोटं नव्हतं. इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एनफील्ड आणि मद्रास मोटर्स यांनी 1955 मध्ये भागीदारी केली आणि तिरुवोट्टियूरला बुलेट बनायला लागली. पुढे रेडिचची कंपनी बुडाली, पण तिचं बिडाच्या सिलिंडरचं इंजिन आपल्याकडे थेट 2010 च्या सुमारापर्यंत चाललं. ब्रिटिश गाड्यांबद्दल जगभर एक विनोद आहे : खाली तेल दिसत नसेल तर समजावं, आतलं संपलंय. न्यूझीलंडमध्येही एकेकाळी बहुतेक मोटरसायकली ब्रिटिशच असत, त्यामुळे इथले म्हातारे तो विनोद आपलाच असल्यासारखा सांगतात.

या गळतीचं एक ठरलेलं कारण पुस्तकांतून सांगतात. ब्रिटिश क्रँककेस उभी चिरलेली, म्हणजे डावा-उजवा भाग जोडलेला आणि तो सांधा थेट तळातल्या तेलात. जपान्यांनी ती आडवी चिरली, सांधा तेलाच्या वर आला, गळती संपली. ऐकायला छान आहे, पण मला हे अर्धसत्य वाटतं. इटलीच्या डुकाटीची क्रँककेसही उभीच चिरलेली असते, तिच्याखाली कुणी ट्रे ठेवत नाही. सांधा कुठे आहे यापेक्षा त्याचे दोन्ही चेहरे किती सपाट आहेत हे महत्त्वाचं. ट्रायम्फचे एडवर्ड टर्नर 1960 मध्ये जपानचे कारखाने बघायला गेले होते, आणि तिथली नवी कोरी यंत्रं बघून चकित होऊन परतले. पुढच्याच वर्षी होंडाने आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत 125 आणि 250 या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक घेतले. टर्नरांच्या ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना 1983 मध्ये बंद पडला.

पण दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तेच जास्त पटतं. इंजिनाला श्वास घ्यावा लागतो. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची हवा दाबली जाते. साडेतीनशेच्या बुलेटमध्ये दर फेऱ्याला जवळजवळ साडेतीनशे घनसेंटिमीटर, मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा. ट्रायम्फ बॉनव्हिलमध्ये तर दोन्ही पिस्टन एकदमच खाली येत, म्हणजे साडेसहाशे! ती हवा बाहेर पडली नाही तर ती तेलाला घेऊन मिळेल त्या सांध्यातून वाट काढते. 1969 च्या होंडा सीबी 750 मध्ये चारपैकी दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे आतली जागा फारशी कमी-जास्त होतच नाही.

बुलेटमध्ये या श्वासासाठी बदकाच्या चोचीसारखी एक रबरी झडप असते. पिस्टन खाली आला की चोच उघडते, वर गेला की मिटते. त्यामुळे आत किंचित पोकळी राहते आणि तेल आतच राहतं. उष्णतेने रबर कडक झालं, किंवा चोच मळाने चिकटली, की मग पॅकिंग कितीही नवं घाला.

आता माझ्या गाडीकडे येतो. ही जुनी जपानी 250, म्हणजे 'इंग्रजाची गाडी' हे निमित्तही नाही. इंजिन धुतलं, वाळवलं, वर टाल्कम पावडर शिंपडली आणि दहा मिनिटं चालवून आणली. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे सरकतं, म्हणून जिथे थेंब दिसतो तिथे शोधायचं नाही; सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे जिथे पावडर भिजते तिथे शोधायचं. दोन जागा भिजल्या. पहिली ड्रेन बोल्टची. मी तांब्याचा जुनाच वायसर परत लावला होता. तांबं दाबलं की कडक होतं, मग बोल्टच्या खाचखळग्यांत बसत नाही. लाल होईपर्यंत तापवून गार केलं की पुन्हा मऊ. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालतात ते याचसाठी. बोल्ट आणखी आवळणं हा उपाय नव्हे. ॲल्युमिनियमचे आटे गेले की पाचशे डॉलरचं काम.

दुसरी जागा वरच्या झाकणाची, जिला मी हातही लावला नव्हता! तेव्हा ट्यूब पेटली. तेलाची पातळी मी गाडी साइडस्टँडवर कललेली असताना बघितली होती. पातळीची काच उजवीकडे, गाडी डावीकडे कललेली, म्हणून तेल कमी दिसलं आणि मी अर्धा लिटर जास्त ओतलं. तेल वर चढलं, क्रँकने त्याचा फेस केला, फेसाने श्वासाची वाट कोंडली. जादा तेल काढलं, नवा वायसर घातला, झाकणाला हात न लावता दोन्ही जागा कोरड्या.

रात्री बाबांना फोन करून चोचीचं सांगितलं. बुलेट 2001 मध्येच विकली, मिस्त्रींच्या गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी त्यांना चारचौघांत बोललो होतो रे." आणि थोड्या वेळाने, "केवढ्याला मिळते ती चोच?"

शोधून बघितलं. दोन कप चहाच्या पैशांत येते. बाबांना अजून कळवलेलं नाही.